घरी हाडांपासून तोन्कोत्सु रामेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामेन म्हणजे गरम सूपमधल्या गव्हाच्या नूडल्स. जपानमध्ये सोया सॉसचं, मिठाचं, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) असं अनेक प्रकारचं रामेन मिळतं. खालची सगळी उत्तरं त्यातल्या एकाबद्दल आहेत: डुकराच्या हाडांचं, पांढरं, ओठांना चिकटणारं सूप असलेलं तोन्कोत्सु. प्रमाणं चार-पाच वाडग्यांची धरली आहेत.

हे रामेन मूळचं कुठलं?

सूपमध्ये गव्हाच्या नूडल्स घालून खायची पद्धत जपानने चिनी स्वयंपाकातून उचलली. तोक्योच्या असाकुसा भागात १९१० मध्ये उघडलेलं राईराईकेन हे तिथलं सुरुवातीचं गाजलेलं दुकान. डुकराच्या हाडांचं सूप मात्र दक्षिणेचं, क्यूशू बेटावरचं. फुकुओका प्रांतातल्या कुरुमे शहरात १९३७ मध्ये नानकिन सेनर्यो नावाची खाण्याची गाडी सुरू झाली, तिथून या प्रकाराची सुरुवात मोजतात. तेव्हाचं सूप बऱ्यापैकी नितळ असायचं. आजचं पांढरं सूप १९४७ च्या सुमाराला कुरुमेमधल्याच सानक्यू या दुकानात तयार झालं, अशी कथा सांगतात. हाडांचं भांडं विस्तवावर जास्त वेळ राहिलं, रटरटून सूप पांढरं झालं, चाखल्यावर मालकाला तेच आवडलं आणि त्याने ते ठेवून दिलं.

शेजारच्या फुकुओका शहरात, तिथल्या हाकाता भागाच्या नावाने, त्याचं हाकाता रामेन झालं. तिथल्या नागाहामा मासळी बाजारात काम करणाऱ्यांना थांबायला वेळ नसे. म्हणून नूडल्स एकदम बारीक, मिनिटभरात शिजणाऱ्या, आणि वाडग्यात थोड्याच. भूक उरली तर शिल्लक सूपमध्ये नूडल्सचा दुसरा घास मागवायचा. त्याला काएदामा म्हणतात. घरी करतानाही हीच पद्धत ठेवावी असं माझं ठाम मत आहे, कारण बारीक नूडल्स गरम सूपमध्ये दोन-तीन मिनिटांत मऊ पडतात.

सूप पांढरं कशामुळे होतं? दूध किंवा क्रीम घालतात का?

नाही. तो रंग फक्त हाडं, चरबी, पाणी आणि जोरदार उकळी यांतून येतो. हाडांच्या टोकांना, कूर्चेत आणि कातडीत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. तासन्तास शिजल्यावर त्याचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. दुसरीकडे हाडांतला मगज आणि चरबी वितळून वर तरंगते. भांडं मंद आचेवर असेल तर चरबी वरच राहते आणि खाली नितळ सूप मिळतं. भांडं खळखळ उकळत ठेवलं तर त्या हालचालीने चरबीचे अतिसूक्ष्म थेंब होतात, जिलेटिन त्यांना वेढून पुन्हा एकत्र येऊ देत नाही, आणि या असंख्य थेंबांवरून प्रकाश विखुरल्यामुळे सूप पांढरं दिसतं.

बहुतेक घरगुती रामेन इथेच फसतं. ‘सूप मंद आचेवर’ हा आपल्या हाताला लागलेला नियम आहे आणि तो या पदार्थाला लागू होत नाही. महागडं सामान नसलं तरी चालेल, पण उकळी पडता कामा नये.

कोणती हाडं घ्यायची?

मागच्या पायाची नळी, गुडघ्याच्या जाड गाठीसकट, मधोमध कापलेली, म्हणजे आतला मगज सूपमध्ये उतरतो. ही एक किलो. अर्धा किलो पाय, म्हणजे खुरांकडचा भाग, उभा चिरून. जिलेटिनचा मोठा वाटा त्यातूनच येतो. आणि पाव किलो पाठीची पांढरी, घट्ट चरबी. मणक्याची हाडं मिळाली तर अर्धी नळी आणि अर्धा मणका घ्या, मांसाची चव जास्त लागते.

पाय मिळाले नाहीत तर चिकनच्या दुकानातून कोंबडीचे पंजे आणा. नखं काढून तेवढ्याच वजनाचे घाला. चव किंचित बदलते, दाटपणा मात्र टिकतो.

महाराष्ट्रात पोर्कची हाडं मिळतील का?

गोव्यात अडचण नाही. सोरपोतेल आणि चोरीसच्या त्या प्रदेशात बाजारात पोर्क रोजचंच आहे. मुंबईत वांद्रे आणि पुढे वसई, जिथे ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, तिथले खाटीक हाडं वेगळी काढून देतात. इतर शहरांत गोठवलेलं पोर्क विकणाऱ्या दुकानात आधी सांगून ठेवावं लागतं. एरवी हाडं बाजूला टाकली जातात, त्यामुळे ती स्वस्तही पडतात. नळ्या दुकानातच कापून घ्या. घरच्या सुरीने तो उद्योग करू नका, हाताला इजा होते.

हाडं एकदा उकळून पाणी ओतून देणं खरंच गरजेचं आहे का?

हो, आणि इथे घाई करू नका. हाडं तीन-चार तास, जमलं तर रात्रभर, फ्रिजमध्ये थंड पाण्यात बुडवून ठेवा. मग नवीन पाण्यात घालून उकळी आल्यावर पंधरा मिनिटं शिजवा. वर करडा-तपकिरी फेस जमेल. ते सगळं पाणी ओतून द्या. आता प्रत्येक हाड नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा. मणक्याच्या खाचांत आणि नळीच्या तोंडाशी काळं रक्त साखळलेलं असतं, ते काढून टाका. पायांच्या बोटांमधली घाणही पाहा.

यात अर्धा तास जातो. हे टाळलं तर सूप मातकट करडं होतं आणि त्याला उग्र वास येतो, पुढे कितीही उकळलं तरी तो जात नाही.

बारा तास गॅस चालू ठेवावा लागतो का? कुकरमध्ये होणार नाही का?

उघड्या पातेल्यात करायचं तर बारा तास लागतात, काही दुकानं त्याहून जास्त लावतात. घरी त्यात दीड-दोन किलो गॅस जळतो, आणि सतत आधणाचं पाणी घालत राहावं लागतं. कुकर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त त्याची एक मर्यादा समजून घ्या. दाबाखाली आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून हाडं लवकर गळतात, पण दाब स्थिर असताना पाणी खळखळत नाही. त्यामुळे झाकण उघडल्यावर सूप नितळ पिवळसर दिसेल. ते फसलेलं नाही, अर्धं झालेलं आहे.

पाच लिटरच्या कुकरात घासलेली हाडं आणि पाय घाला. पाणी हाडं जेमतेम बुडतील एवढंच, आणि सगळं मिळून कुकरच्या दोन तृतीयांशाच्या वर नको. पहिली शिट्टी झाली की आच कमी करून पाऊण तास ठेवा. गॅस बंद करा, दाब आपोआप उतरू द्या, झाकण उघडून पाण्याची पातळी पाहा आणि कमी झालेलं आधणाच्या पाण्याने भरून काढा. असे तीन फेरे करा. सलग सव्वादोन तास ठेवायचा मोह आवरा, कारण आपल्या कुकरांतून वाफ निसटत राहते आणि तळ कोरडा पडू शकतो.

तिसऱ्या फेऱ्यानंतर पायांचं कातडं बोटाने दाबलं तरी तुटतं. आता सगळं मोठ्या पातेल्यात ओता, चरबीचे तुकडे घाला, झाकण न लावता मोठ्या आचेवर दीड तास रटरटवा. पहिल्या अर्ध्या तासातच रंग पालटायला लागतो. दर दहा मिनिटांनी लाकडी उलथन्याने तळापासून ढवळा, कारण जिलेटिन आणि मांसाचे कण खाली बसून करपतात, आणि एकदा करपलं की सगळं सूप गेलं. पाणी आटलं तर आधणाचंच घाला. गार पाण्याने उकळी थांबते.

शेवटी मऊ झालेली चरबी बाहेर काढून वाटीभर सूपमध्ये हँड ब्लेंडरने एकजीव करा आणि परत मिसळा. बारीक गाळणीतून गाळून घ्या. दीड ते पावणेदोन लिटर सूप मिळायला हवं. त्यात मीठ नाही, त्यामुळे या टप्प्याला ते सपक लागेल.

आलं-लसूण-कांदा कधी घालायचा? थोडा गरम मसाला चालेल का?

शेवटच्या उघड्या उकळीत, एक तास शिल्लक असताना: एक कांदा, लसणाचा अख्खा गड्डा आडवा कापून, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा. कांदा भाजू नका, सूप तांबूस होतं. क्यूशूतली बरीच दुकानं तर हाडांखेरीज काहीच घालत नाहीत. गरम मसाला, तमालपत्र, मिरी, हळद यांतलं काहीही नको. या सूपची चव सौम्य आणि चरबीची आहे, एक लवंगही तिच्यावर चढून बसते.

घरभर वास पसरतो, त्याचं काय?

पसरतोच. हाडं नीट धुतली असतील तर तो निम्मा होतो. बाकी खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. शेजारी पोर्क न खाणारे असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगणं मला योग्य वाटतं.

सूपमध्ये मीठ कधी घालायचं?

पातेल्यात कधीच नाही. रामेनचं मीठ आणि बरीचशी चव ‘तारे’ नावाच्या वेगळ्या खारट अर्कातून येते. तो वाडग्याच्या तळाशी घालून त्यावर सूप ओततात. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या तोंडाप्रमाणे कमी-जास्त करता येतं, आणि सूप फ्रीझरमध्ये ठेवता येतं.

१५० मिली पाण्यात दहा सेंटिमीटरचा कोम्बु, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा, आणि तीन वाळवलेले शिइताके मशरूम रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर गरम करा, उकळी फुटायच्या आत कोम्बु काढून टाका. मग ६० मिली जपानी सोया सॉस, ३० मिली मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोडसर तांदळाची दारू) आणि १८ ग्रॅम मीठ घालून पाच मिनिटं उकळा. गाळून बाटलीत भरा. एका वाडग्याला ३५ मिली तारे आणि ३०० मिली सूप. यातून सव्वा टक्क्याच्या आसपास खारटपणा येतो. कमी वाटला तर आणखी पाच मिली.

आपल्या किराणा दुकानातला काळा, दाट, कॅरॅमलच्या रंगाचा सोया सॉस इथे चालत नाही. हलका सोया सॉस घ्या. मिरिन नसेल तर दोन चमचे पाणी आणि दोन छोटे चमचे साखर. दारू टाळायची असेल त्यांनाही हाच पर्याय.

अजिनोमोटो घालायचं का?

जपानी दुकानांत सर्रास घालतात. १९०८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बुच्या पाण्यातूनच ही चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली, आणि पुढच्या वर्षी ती पूड बाजारात आली. तेव्हा वरच्या तारेत कोम्बु घालताना तुम्ही ग्लुटामेट घालतच आहात. कोम्बु मिळाला नाही तर तारेत अर्धा छोटा चमचा अजिनोमोटो घाला आणि निश्चिंत राहा.

नूडल्स घरी करता येतात का? त्या पिवळसर आणि लवचीक कशा होतात?

येतात. साध्या शेवयांपासून त्यांना वेगळं करतो तो अल्कलीधर्मी क्षार. जपानीत त्याला कान्सुइ म्हणतात, आणि तो सोडियम व पोटॅशियम कार्बोनेटचा असतो. त्याने ग्लुटेन, म्हणजे पिठातली चिवट प्रथिनं, घट्ट होतं, नूडल्सला चावा येतो, आणि पिठातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. अंडं घातलेलं नसतानाही रामेनच्या नूडल्स पिवळ्या दिसतात त्या यामुळे.

पापडखारही याच कुळातला, पापडाचं पीठ भिजवताना तो जे करतो ते इथेही करतो. पण पाकिटातल्या पापडखाराची तीव्रता सगळीकडे सारखी नसते. म्हणून मी भाजलेला खायचा सोडा वापरायला सांगते. १०० ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १४० अंशांवर तासभर ठेवा. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सोडियम कार्बोनेट उरतं. वजन ६३-६५ ग्रॅमवर आलं की झालं. घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन्महिने टिकतं. हाताला झोंबतं, कोरड्या चमच्यानेच घ्या.

४०० ग्रॅम मैदा घ्या, शक्यतो ब्रेडसाठीचा, जास्त प्रथिनांचा. १५० मिली पाण्यात ५ ग्रॅम भाजलेला सोडा आणि ४ ग्रॅम मीठ विरघळवा. पाणी थोडं थोडं शिंपडत बोटांनी कालवा. पिठाचा गोळा होणारच नाही, ओलसर रवाळ चुरा होईल. घाबरून आणखी पाणी घालू नका. चुरा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून भरा, अर्धा तास ठेवा, मग पिशवीवर कापड टाकून पायाने तुडवा. घडी घालून पुन्हा तुडवा, असं तीन-चारदा. तासभर विश्रांती. मग पास्ता मशीनमधून सगळ्यात जाड मापावर दोन-तीनदा घडी घालून काढा, हळूहळू एक मिलिमीटरपर्यंत पातळ करा आणि सर्वांत बारीक कापणीतून काढा. कॉर्नफ्लोअर भुरभुरून फ्रिजमध्ये एक रात्र ठेवल्या की चव आणि पोत दोन्ही सुधारतं.

पास्ता मशीन नाही. मग?

पाणी १७० मिलीपर्यंत वाढवा, लाटण्याने जमेल तितकं पातळ लाटा, घड्या घालून धारदार सुरीने कापा. नूडल्स जाडसर होतील, दोन-अडीच मिनिटं शिजवा. किंवा सरळ विकतच्या वापरा. बारीक, वाळवलेल्या हक्का नूडल्स चालतात. सगळ्यात बारीक स्पॅगेटी दीड लिटर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून उकळली तरी कामचलाऊ चव येते. पाणी फेसाळून उतू जातं, मोठं पातेलं घ्या. वेळ कमी असेल तर तो हाडांना द्या आणि नूडल्स विकत आणा, याबद्दल मला शंका नाही.

वरचे मांसाचे काप कसे करतात?

त्याला चाशु म्हणतात. पोटाकडचा चरबीदार तुकडा, एक किलो, कातडी काढून. ती कातडी सूपच्या भांड्यात टाका. मांसाची गुंडाळी करून जाड सुती दोऱ्याने दोन-दोन सेंटिमीटरवर आवळा. तव्यावर सगळीकडून लालसर करा. मग १२० मिली सोया सॉस, १२० मिली साके (जपानी तांदळाची दारू), ६० मिली मिरिन, ६० ग्रॅम साखर, ४०० मिली पाणी, आल्याचे काप आणि पातीच्या कांद्याच्या हिरव्या पाती यांत झाकून मंद आचेवर सव्वादोन तास शिजवा. दर अर्ध्या तासाने उलटा. साके नसेल तर पाणी वाढवा. त्याच रसात गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम असताना कापलं तर गुंडाळी सुटते. थंड, घट्ट झालेल्या गुंडाळीचे पातळ काप सुबक निघतात. वाढण्याआधी तव्यावर एका बाजूने शेकून घ्या.

उरलेला रस ओतून देऊ नका, अंड्यांना लागतो.

मधोमध मऊ बलकाचं अंडं?

फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात, साडेसहा मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. लहान असेल तर सहाच मिनिटं. सोलून, चाशुच्या रसात निम्मं पाणी मिसळून त्यात सहा ते बारा तास बुडवून ठेवा. गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर माणसांसाठी अंडं पूर्ण उकडा.

पोर्कमधून जंत होतात, मग हे सुरक्षित आहे का?

भीती निराधार नाही, कच्च्या-अर्धकच्च्या पोर्कमधून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. पण इथे हाडं कित्येक तास उकळतात आणि चाशु दोन तासांहून जास्त शिजतं, त्यातून जंत जिवंत राहत नाहीत. काळजी घ्यायची ती कच्च्या मांसाच्या पाटाची, सुरीची आणि हातांची. त्या पाटावर पातीचा कांदा चिरू नका. चाशु आतून गुलाबी ठेवण्याच्या कृती दिसतात, त्यांच्या वाटेला घरी जाऊ नये.

आमच्या घरी पोर्क चालत नाही. चिकनचं होईल का?

होईल, आणि जपानमध्ये तो मान्य प्रकार आहे, तोरी पाइतान. एक किलो पंजे, एक किलो पाठीची आणि मानेची हाडं. कुकरला पाऊण तासाचा एकच फेरा, मग तासभर खळखळ उकळी. तत्त्व तेच. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी यापासूनच सुरुवात करायला सुचवते. सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

वाडगा भरायचा क्रम काय?

सगळे जेवायला बसल्यावरच नूडल्स पाण्यात टाका. वाडगे आधणाच्या पाण्याने तापवून घ्या. तळाशी तारे आणि लसूण परतलेलं छोटा चमचाभर तेल. क्यूशूवरच्याच कुमामोतोकडे लसूण काळा होईपर्यंत तळून त्याचं तेल घालतात, जिभेला किंचित कडवट लागणारं. मला ते फार आवडतं. त्यावर उकळतं सूप. नूडल्स मीठ न घातलेल्या भरपूर पाण्यात मिनिटभर उकळून, पाणी झटकून लगेच आत. मग चाशु, अर्धं अंडं, पातीचा कांदा, भाजलेले तीळ, भिजवून चिरलेलं काळं मशरूम, जे दुकानात ब्लॅक फंगस नावाने मिळतं. बाजूला लाल आलं: कोवळ्या आल्याच्या काड्या मीठ लावून पिळायच्या आणि बिटाची चकती टाकलेल्या व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवायच्या. चरबीवर तो आंबटपणा लागतोच.

फोटोसाठी थांबू नका. भुरके मारत खा, आवाज होऊ द्या.

सूप पातळ झालं किंवा तेल वर आलं तर?

पातळ असेल तर आणखी आटवा. तेल वर आलं असेल तर पुन्हा पाच मिनिटं जोरात उकळून हँड ब्लेंडर फिरवा. तरीही टिकलं नाही तर जिलेटिन कमी पडलं आहे, पुढच्या वेळी पाय वाढवा. फ्रिजमध्ये सूप थरथरत्या जेलीसारखं घट्ट झालं की प्रमाण बरोबर होतं असं समजा.

उरलेलं सूप किती दिवस टिकतं?

गाळल्यावर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून दोन तासांच्या आत गार करा. मे महिन्यात ओट्यावर रात्रभर ठेवलं तर ते नासणार. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, एकेका वाडग्याच्या डब्यांत. वापरताना पूर्ण उकळी आणा. नूडल्स संपल्या आणि सूप उरलं तर त्यात शिळा भात घालून चार मिनिटं शिजवा, फेटलेलं अंडं धारेने सोडा, झाकण ठेवून गॅस बंद करा.